पसंतीची होडी

साठी उलटल्यावर शिंपीकाकांनी शिडाची छोटी होडी घ्यायचं मनावर घेतलं. त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून काकूंनीच आपल्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. त्याचा उभा जन्म बंदरावर गेला होता.

मग दर रविवारी दोघं धक्क्यावर जाऊ लागले. मेहुणा प्रत्येक होडीचा तळ ठोकून बघायचा आणि नाक मुरडायचा. "ही वाऱ्याने चटकन कलंडेल, भावोजी. नवशिक्याचं काम नाही." दुसरीचं लाकूड म्हणे आतून कुजलेलं होतं. काका हिरमुसून घरी यायचे. काकू चहाचा कप पुढे करून म्हणायच्या, "मनाला लावून घेऊ नका हो. मिळेल तुमच्या मनासारखी."

आज मात्र एक निळी होडी काकांच्या डोळ्यांत भरली. मालकाने त्यांना आत बसवून खाडीत एक चक्कर मारली, सुकाणूही हातात दिलं. परत येईपर्यंत काकांचा चेहरा असा फुलला होता की मेहुणा बघतच राहिला.

उतरल्या उतरल्या ते म्हणाले, "तू हिच्यात कितीही खोट काढ. मी हीच घेणार."

मेहुण्याने मान खाली घातली.




"हिच्यात खोट नाही, भावोजी. आधीच्या होड्यांतही नव्हती. तुम्हाला एकही पसंत पडू द्यायची नाही, असं ताईने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं."