दुसरा हात

"आता काय झालं?" तिने विचारलं.

"मधली कळ दाबली की वर यायचं नाव घेत नाही," कॉर्नेटवाला म्हणाला आणि पेटी तिच्या टेबलावर ठेवून समोरच्या स्टुलावर बसला. त्याच्या खेपा मोजणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

वडिलांच्या मागे वाद्यदुरुस्तीचं हे दुकान तिनेच सांभाळलं होतं. पितळेची नाना वाद्यं तिच्या हाताखालून गेली होती, पण दुरुस्ती झाल्यावर हा माणूस कॉर्नेट ओठांना लावायचा तेव्हा तिच्या हातातलं फडकं हातातच राहायचं. खाली संथ सूर धरून वर बारीक सुरांच्या लडी अशा सोडायचा की दोघं जण वाजवतायत असं वाटावं. श्वास कधी घेतो ते कळत नसे. समोरचा फळवाला तागडी धरून तसाच उभा राही. वरच्या मजल्यावरून आत्या जिन्यात येऊन बसे आणि गुडघेदुखीचं नावही काढत नसे.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र स्वारी अगदी भोळी. ही कळ वरून उघडते की खालून, असलं काहीबाही विचारायचा आणि ती सांगेल ते मान डोलावत ऐकायचा.

असं गिऱ्हाईक नीट दुरुस्ती करून पाठवलं तर परत कशाला येईल? म्हणून मागे एकदा तिने एका कळीखाली मुद्दाम झिजलेली चकती बसवली. आठवड्याभरात कळ खडखडणार, म्हणजे खडखडणारच. तो आलाही, पण तक्रार भलतीच, नळी अडकल्याची. चकती पाहिली तर कोरी करकरीत, अगदी मापात कापलेली. पुढच्या वेळी तिने स्प्रिंग सैल सोडली. तो आला पोचा घेऊन, आणि स्प्रिंग जागच्या जागी घट्ट.

म्हणजे याचं दुसरीकडेही जाणंयेणं होतं. आणि तो दुसरा हात, कबूल करणं जिवावर आलं तरी, तिच्यापेक्षा सफाईदार होता.

"विचार की त्याला सरळ," आत्या म्हणाली होती.

"काय विचारू? मी ठेवलेली खोट कोणी काढली म्हणून?"

त्यावर आत्याला हसू आवरेना.

आज कळ सुटली, त्याने वाजवलं, रस्ता थबकला आणि तो निघाला. तिने दुकान आत्यावर टाकलं, चपला पायांत सरकवल्या आणि ती त्याच्या मागे गेली. पूल ओलांडून, दोन गल्ल्या मागे टाकून तो एका बुटक्या दारातून आत शिरला. दारावर जुना ट्रम्पेट टांगलेला. म्हणजे हेच त्या दुसऱ्या दुरुस्तीवाल्याचं दुकान.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जरा वेळ जाऊ देऊन तिने काय बोलायचं ते मनाशी जुळवलं: हे गिऱ्हाईक माझं आहे, त्याच्या वाद्याला पुन्हा हात लावायचा नाही. आणि दार ढकलून ती आत गेली.

आत दुसरं कोणीच नव्हतं. मळका एप्रन घालून, डोळ्याला भिंग लावून कॉर्नेटवाला स्वतःच कामाच्या टेबलाशी बसला होता, आणि जिभेचं टोक दातांत धरून, लाकडी हातोडीने, आत्ताच दुरुस्त होऊन आलेल्या कॉर्नेटला हलकेच एक नवा पोचा पाडत होता.