दुभाष्या

"घरी बसून माणसाचा आत्मविश्वास जातो," मकरंद माइकवर म्हणाला. "काम हेच खरं औषध. आम्हा कंपन्यांची दारं उघडी आहेत. लोकांनी फक्त पाऊल उचलायला हवं."

तो इंग्रजीत बोलत होता आणि छान बोलत होता. आयर्लंडमध्ये, शॅननला विमानतळाजवळच्या हॉटेलात सरकारने सभा बोलावली होती. अपंगत्वाच्या भत्त्याचे तीन स्तर पाडायचा नवा मसुदा आला होता. ज्यांना थोडंफार काम जमेल असं सरकारला वाटेल त्यांचा भत्ता कमी होणार, आणि बोलावणं आलं की त्यांनी नोकरी शोधायला हजर व्हायचं. लोकांचं म्हणणं ऐकायला मंचावर तिघं होते. खात्याचा एक अधिकारी, सभा चालवणारी एक बाई आणि कंपन्यांच्या वतीने मकरंद. समोर व्हीलचेअरवाले, कुबड्यावाले, पांढऱ्या काठीवाले. हॉल नुसता धुमसत होता.

"कुठली दारं? पत्ता द्या!" मागून कोणीतरी ओरडलं.

तिसऱ्या रांगेत वसुधा बसली होती. शेजारची ब्रीडा तिला आपल्या गाडीतून घेऊन आली होती. ब्रीडाची कंबर गेलेली, म्हणजे भत्त्याची काळजी तिलाही होतीच.

वसुधा मकरंदच्याच कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. मग स्ट्रोक आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. मराठी हळूहळू परत आलं, अडखळत का होईना. इंग्रजी आलं नाही. ऐकलेलं, वाचलेलं सगळं समजायचं. बोलायला गेलं की तोंडातून शब्दच फुटायचा नाही. ती कामावर परतायला निघाली तेव्हा मकरंदने तिला नाही, तिच्या नवऱ्याला फोन केला होता. "पद्माकर, क्लायंटशी बोलावं लागतं रे. वहिनींना कशाला त्रास? आराम करू दे त्यांना." फोन स्पीकरवर होता. पद्माकर "हो, हो" म्हणत राहिला, आणि ती तिथेच उभी राहून ऐकत होती.

आता तिने डावा हात वर केला. माइक आला.

तिने आधी इंग्रजीच बोलून पाहिलं. ओठ जुळले, जबडा ताणला गेला. पहिलं अक्षर काही निघेना. लोक अदबीने गप्प बसले. ती गप्पगार अदब तिला शिवीपेक्षा जास्त लागली.

मग ती सरळ मराठीत म्हणाली, "मकरंद, मी सोमवारपासून यायला तयार आहे. किती वाजता येऊ?"

मकरंदने चमकून वर पाहिलं. इतका वेळ त्याला ती दिसलीच नव्हती.

"ही कोणती भाषा?" सभा चालवणाऱ्या बाईने विचारलं.

"मराठी," मकरंदला सांगावं लागलं. "आम्ही एकाच गावचे. पुण्याचे."

"ग्रँड! मग तुम्हीच सांगा ना, काय म्हणतायत त्या."

मकरंदने गळ्याचं बटण चाचपलं. "त्या म्हणतायत की..." तो इंग्रजीत म्हणाला, "इथे बोलायची संधी मिळाली, त्याबद्दल आभार. आजारपण फार कठीण गेलं. पण कामावर परतण्याची कल्पना त्यांना पसंत आहे."

दोनचार टाळ्या पडल्या. अधिकाऱ्याने मान डोलावून काहीतरी टिपून घेतलं.

वसुधाला शब्दन् शब्द कळला होता. ती मान हलवत राहिली. नाही, नाही, नाही. माइक न्यायला आलेल्या मुलीच्या हाती तिने तो दिलाच नाही.

"ए, थांबा!" ब्रीडा खुर्चीला धरून उठली. "मला ती भाषा येत नाही, पण आभार कसे मानतात ते मला कळतं. हिने प्रश्न विचारलाय. आणि विचारलाय त्या माणसाला. तो ओळखतो हिला."

हॉलमध्ये कुजबुज वाढली. "पुन्हा विचार गं!" कोणीतरी म्हणालं.

वसुधा उभी राहिली. या वेळी ती एकेक शब्द नीट जुळवत बोलली. "फोनवर बोलणं मला जमणार नाही. टेस्टिंग जमतं. डाव्या हाताने टाइप करते मी. तुम्ही आत्ताच म्हणालात, दारं उघडी आहेत. म्हणून विचारते, सोमवारी किती वाजता येऊ?"

मकरंदने आपला माइक हाताने झाकला आणि टेबलावरून पुढे वाकला. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, आवाज मात्र दातांतून येत होता. "वहिनी, प्लीज. इथे तमाशा नको. हे आपण घरी बोलू."

"घरीच तर आहे मी," वसुधा म्हणाली. "तुम्हीच बसवलंत."

तिचा माइक चालू होता. ती दोन वाक्यं चारी स्पीकरमधून हॉलभर घुमली. कोणाला ती कळली नाहीत, पण बोलणं थांबल्यावर सगळ्यांच्या माना मकरंदकडे वळल्या.

"आता काय म्हणाल्या?" बाईने विचारलं.

मकरंदने पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच खाली ठेवला. अधिकारी पेन उघडून त्याच्याकडे बघत बसला होता. वसुधा खाली बसली नाही.

"सांग की," ब्रीडा तिथूनच ओरडली. "तुला तर दोन्ही भाषा येतात!"