तिसऱ्यांदा बंद पडलेली बेल

अप्पांनी जिन्यातच नाकाला रुमाल बांधला, मागं घट्ट गाठ मारली आणि मगच वरच्या खोलीचं दार ढकललं. तरी वास आलाच. लघवीचा, फिनेलचा आणि त्या दोन्हींना पुरून उरलेला आणखी कसला तरी.

खाटेवर रत्नव्वा होत्या, वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे मात्र ठसठशीत. उशाशी वायरला बटण लोंबत होतं, दवाखान्यात खाटेला असतं तसलं, पेरूएवढं. ते दाबलं की खाली त्यांच्या मुलाच्या, शिवप्रसादच्या, रंगाच्या दुकानात गल्ल्याशेजारी ठेवलेला डबा कोकलायचा. डब्यातलं सर्किट अप्पांचं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नव्हता. शाहूपुरीतल्या त्या गल्लीत कुणाची पाण्याची टाकी भरली तरी अप्पांनी बनवलेलं काहीतरी वाजायचं.

ही बेल मात्र महिन्यात तिसऱ्यांदा बंद पडली होती. आधी दोनदा अप्पांनी डबा घरी नेला. बॅटरी जिभेला लावून पाहिली, तर जीभ चांगली चुणचुणली. आयसी बदलला, सोल्डर नव्यानं दिलं. घरच्या टेबलावर डबा असा ओरडायचा की बायको चिडायची. इथं आणून जोडला की दोन दिवसांत मुका. खरं तर पहिल्याच दिवशी वर येऊन वायर आणि बटण बघायला हवं होतं. अप्पांना ते कळत होतं. पण वर हा वास होता.

आज शिवप्रसादनं भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्यांना झाडलं. "अप्पा, तुमचं सर्किट न्हाय, खेळणं हाय खेळणं! काल अव्वा दुपारभर तशीच घाणीत पडलीती. मला काय सपान पडतंय व्हय?"

म्हणून अप्पा वर आले होते, रागानं आणि रुमाल बांधून.

मल्टिमीटर घेऊन ते खाली वाकले. वायर शिवप्रसादनंच कुठंतरी तोडली असणार, त्यांना खात्री होती. घडीघडीला जिना चढायचा कंटाळा, दुसरं काय! भिंतीच्या कडेनं, कपाटामागून, चौकटीपाशी त्यांनी वायर वीतभर-वीतभर चाचपली. कुठं चीर नव्हती. बटणापासून ती सोडवून दोन टोकांना पिना लावल्या, तर मीटर छान टुंई वाजला, म्हणजे वायर धड होती. मग राहिलं बटण. ते दाबलं तर मीटर गप्प.

रत्नव्वा सगळं बघत होत्या.

अप्पांनी बटणाचं टोपण पिरगाळून उघडलं. तळहातावर पांढरा भुगा सांडला. आत दोन पितळी पट्ट्या, दाबलं की एकमेकींना टेकणाऱ्या. त्यांच्या मधोमध काहीतरी ओलं करून ठासलं होतं, ते वाळून कडक झालं होतं. अप्पांनी बोटावर घासून पाहिलं. विभूती.

खाली गल्ल्यावर बसलेल्या माणसाचं कपाळ त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. तिथंही हेच तीन पट्टे. सकाळी देवापुढं बसून लावायची आणि तीच आईच्या बटणात कोंबायची! वर गिऱ्हाइकांसमोर कांगावा! आता अप्पांना त्या माणसाचीच शिसारी आली. त्याला तिथंच, सगळ्यांसमोर उघडा पाडायचा म्हणून ते दाराकडं वळले.

मागून कुणीतरी बाही धरली.

"त्येला काय बोलू नगा," रत्नव्वा म्हणाल्या. "मी घातलीया. आधी दोनदा कोरडी घातली, ती गळून जायाची, म्हणून ह्या बारीला ओली केली."

बाही धरलेली बोटं टोकाला पांढरी होती.

"अव्वा! आणि दुपारभर असं पडून ऱ्हायचं? कशासाठी?"

"वाजलं की येतोय की त्यो. पळत येतोय, खोटं कशाला बोलू? पर दारात थांबतोय आन् आधी रुमाल बांधतोय." त्या अप्पांकडंच बघत होत्या. "सांजच्याला कामाची चिमणाबाई येती. सगळं पुसून, लुगडं बदलून जाती. मग त्यो येतोय, उघड्या तोंडानं. हितं खाटंवर बसून च्या पितोय. तेवढं बास हाय मला."

अप्पांचा हात मानेमागं गेला. घामानं गाठ आवळली होती, सुटेना. शेवटी त्यांनी रुमाल तसाच डोक्यावरून ओढून काढला. वास एकदम सगळा आत आला. त्यांनी तो येऊ दिला. स्वतःचीच इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

मग हात आपोआप चालू लागले. त्याच रुमालाच्या टोकानं त्यांनी पट्ट्या पुसल्या, पितळ लखलखेपर्यंत. टोपण बसवलं. वायर पुन्हा जोडली. आणि दुरुस्ती झाली की एकदा दाबून बघायचं, ही शाळेपासूनची खोड. लक्षात येईपर्यंत अंगठा बटणावर पडला होता.

खाली डबा कोकलला.

"नगं की ओ," रत्नव्वा हळूच म्हणाल्या.

दुकानातली खुर्ची करकरली. जिन्यावर पावलं वाजली, दोन-दोन पायऱ्या एकदम. दाराबाहेर येऊन थांबली.

रत्नव्वांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.