साच्याची पट्टी

ह्यांनी पाच वर्षं परसात खपून समुद्रात जाणारी शिडाची बोट बांधली, आणि रत्नागिरीला न्यायच्या दिवशी ती घरालगतच्या बोळात अडकली. दोन्हीकडं शेजाऱ्यांच्या दगडी भिंती. आराखड्याप्रमाणं सूतभर जागा उरायला हवी होती. बोट पाऊण इंच जास्त भरली.

"कापल्याशिवाय न्हाय निघायची, पावणं," ट्रकवाला म्हणाला.

ह्यांनी पुन्हा मोजलं आणि हातातल्या पट्टीकडं बघतच राहिले. फाउंड्रीत हे लाकडी साचे करतात. ओतलेलं लोखंड थंड झालं की आकसतं, म्हणून साच्याच्या पट्टीवरचा इंच मुद्दाम जरासा मोठा असतो. सगळी बोट त्याच पट्टीनं झाली होती.

"शिवांश, तुझ्या बापानं बोट न्हाय, बोटीचा साचा केला बघ," ते पोराला म्हणाले. हसायला गेले, जमलं नाही.

मग माझ्याकडं वळले. "चौदा वर्षांची सवय. हात आपसूक तिकडंच गेला की. कुणी टोकलं असतं तर..." माझा चेहरा बघून त्यांनीच समजूत घातली, "जाऊ दे. तुला तरी त्यातलं काय कळणार?"

मी मान हलवली. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून ह्यांनीच मला फरक शिकवला होता. पहिली फळी आखली तेव्हाच मी ती पट्टी ओळखली. शिवांश तेव्हा पोटात होता, आणि त्याचा बाप समुद्रावर जायला नको होता, म्हणून गप्प बसले.