थंड म्हणजे किती थंड

"संशोधन कशावर चालतं तुमचं?" जेवता जेवता साहेबांनी विचारलं.

"माफ करा काका, ते सांगता येणार नाही," मुलीने पसंत केलेला तरुण म्हणाला. "कंपनीचा नियम आहे."

साहेबांना पोरगा तिथेच आवडला. एका जैवतंत्रज्ञान कंपनीचं पेटंटचं खातं ते सांभाळत. कुणाच्या तोंडून काही फुटायच्या आत शोध कंपनीच्या नावावर करून घ्यायचा, हे त्यांचं काम. 'आधी अर्ज, मग बडबड' एवढं शास्त्रज्ञांच्या गळी उतरवण्यात त्यांचे केस पिकले होते. आणि हा पठ्ठ्या भावी सासऱ्यापुढेही तोंडाला कुलूप लावून बसला होता.

त्यांनी उठून स्वतः त्याला सूप वाढलं. माय-लेकी बघतच राहिल्या. साहेबांना वाढायची सवय नव्हती. डाव कलला आणि निम्मं सूप नव्या टेबलक्लॉथवर सांडलं.

"गेला," आई हळहळली. "आता उकळत्या पाण्यात घालायचा. रंग जाईल, पण डाग काही जायचा नाही."

"उकळतं कशाला, काकू? थंड पाण्यातसुद्धा निघेल," तरुण सहज बोलून गेला. "नेमकं एन्झाइम मिळालं की..." आणि त्याने जीभ चावली.

साहेबांचा डाव हातातच राहिला. थंड पाण्यात डाग खाणारं एन्झाइम त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार होऊन पडलं होतं. अर्ज तेवढा पुढच्या आठवड्यात जायचा होता. आणि या धंद्यात आधी अर्ज करील त्याचा शोध. मागून येणाऱ्याने नुसत्या टाळ्या वाजवायच्या.

"थंड म्हणजे किती थंड?" त्यांच्याही तोंडून निसटलं.

आता तरुणाचा चेहरा उतरला. असं विचारणाऱ्याच्या पोटात काय आहे, हे त्याला न सांगता कळलं.

"एक फोन करून आलो," साहेब म्हणाले.

"मलाही एक करायचाय," म्हणत तरुण त्यांच्या पाठोपाठ उठला.

बाल्कनी एकच होती. एका टोकाला साहेब तोंडावर हात धरून कुजबुजले, "रविवार गेला खड्ड्यात. आजच्या आज टाका अर्ज." दुसऱ्या टोकाला, पाठ वळवून, तरुण तसाच हात धरून कुणाला तरी झोपेतून उठवत होता. मधेच दोघांनी वळून पाहिलं. नजरानजर झाली. दोघेही अदबीने हसले आणि पुन्हा पाठमोरे झाले.

आई दारातून कौतुकाने बघत होती.

"उगाच घाबरत होतीस," ती लेकीला म्हणाली. "पहिल्याच भेटीत बघ कसं जुळलं दोघांचं."