ढिगाकडची फळी

आत नळ धो धो वाहत होता आणि संडासाच्या बंद दाराला कान लावून त्सोन्का उभी होती. नळाशिवाय दुसरा आवाज काही येईना.

"झालं का रे काही?"

"तूच ये नि कर!" आतून ग्रोझदान नवऱ्याच्या हक्काने खेकसला.

फाटकाबाहेर शेजारच्या मिल्चोची गाडी सुरूच होती. ऑपरेशनच्या वेळी घातलेली लघवीची नळी सकाळी काढताना डॉक्टरांनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर परत या, पुन्हा नळी घालू. त्या नळीपेक्षा मेलेलं बरं, असं ग्रोझदान दिवसभर बडबडत होता. द्राक्षाच्या मांडवावरचं ऊन उतरायला लागलं तसा त्सोन्काचा धीर सुटत चालला.

दार उघडलं. म्हातारा घामाघूम झाला होता.

"या चकचकीत फरशा बघितल्या की माझं बंदच होतं. जन्मभर कुठे जात होतो मी?"

कुठे ते तिला चांगलं ठाऊक होतं. परसात, खताच्या ढिगावर. टोमॅटोला याच्यासारखं दुसरं औषध नाही म्हणायचा. पण शहरातली सून नाक मुरडायची, म्हणून गेल्या वसंतात त्सोन्कानेच त्या वाटेवर आडवी फळी ठोकून टाकली होती.

तिने त्याचं मनगट धरलं आणि ओढतच परसात नेलं. फळीला असा हिसडा दिला की ती खिळ्यांसकट निघून आली.

"सूनबाई काय म्हणेल?"

"खड्ड्यात गेली सूनबाई! उभा राहा तिथे."

तिने पाठ फिरवली. बराच वेळ काहीच नाही. मग वाळक्या पाल्यावर थोडीशी चुळचुळ झाली, थांबली, आणि एकदम धार लागली. त्सोन्काला रडू फुटलं आणि हसूही आवरेना.

"मिल्चो! गाडी बंद कर! झाली रे, झाली!"

मिल्चोने जोरजोरात हॉर्नच वाजवला.

"गावभर कर आता," ग्रोझदान पाठमोराच म्हणाला, पण त्यालाही हसू येत होतं. "ढीग पार वाळलाय गं. वरून पेंढा हवा."

तिने कवळाभर पेंढा आणून टाकला. मग फळीचे खिळे दगडाने ठोकून वाकवले आणि ती वाटेतल्या पाण्याच्या पाटावर नीट आडवी टाकली. रात्री उठला तर पाय घसरायला नको.