पुरं म्हणेपर्यंत

हरणाबाईंनी तिसऱ्यांदा भात वाढायला घेतला, तशी प्रांजलनं पुढं होऊन पातेल्याची कड धरली. "आत्या, बास आता. त्याला डॉक्टरांनी..."

"सोड. भरल्या पंगतीत लेकराच्या ताटावरनं पातेलं वडतीस?" सासूनं पातेलं आपल्याकडं घेतलं. "त्यानं ताटावर हात आडवा धरला, का मी थांबते."

चार वर्षांचा शंभूराज हात आडवा धरणारच नव्हता. पोट भरलेलं त्याच्या मेंदूला कळत नाही, जन्मतःच तसं आहे, असं सांगलीच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. तिथल्या घरात फ्रीजला कुलूप होतं. दिवाळीत पोट फुगून दवाखान्यात न्यावं लागलं, तर स्ट्रेचरवरही तो बिस्कीट मागत होता. आटपाडीकडच्या या वस्तीवर तिनं सगळं सांगून पाहिलं होतं. शहरात लेकरं उपाशी ठेवत्यात, एवढंच भावकीनं ऐकलं.

आज पुतण्याचं जावळ. बोकड कापलेला.

"आजी, वाढ."

"बघा की, कसा मागतोय माझा वाघ."

पंगत हसली. शेजारी बसलेल्या सासऱ्यांनी, नाथाजींनी, आपल्या ताटातली नळी त्याच्या ताटात टाकली. "खा गड्या. आईनं कवा पोटभर दिलंय का?"

पुढच्या भातालाही हसू टिकलं. त्याच्या पुढच्या भाताला कुणी हसलं नाही.

सगळ्यांची जेवणं झाली होती. प्रांजलनं वाकून पोराच्या काखेत हात घातले आणि उचललं. त्यानं ताट सोडलं नाही. ताटासकट वर आला आणि गुरासारखा ओरडायला लागला.

"खाली ठेव, पोरी," नाथाजी म्हणाले. "जेवतं माणूस मधनं उठवू नये. पंगत उठती ती एकदमच. आमी बसतो."

तिनं त्याला खाली ठेवलं. तो पुन्हा जेवायला लागला.

हरणाबाई त्याच्याजवळ टेकल्या. सदरा वर करून त्यांनी त्याच्या पोटावर हात ठेवला. हात तसाच राहिला.

"म्हण की बाळा, पुरं," त्या हळूच म्हणाल्या. "आजीसाठनं. एकडाव म्हण."

शंभूराजनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. तो पातेल्याकडं पाहत होता. पंगतीतल्या हातांवरचा रस्सा वाळून कडक झाला होता, आणि कुणालाच उठता येत नव्हतं.